ओसरीवरून : ‘बहुधा’ या एका शब्दाचा अर्थ

गेल्या अंकाच्या शेवटी, ‘कर्मधारय आणि बहुव्रीहि यांत मुलांचा घोटाळा का होतो’ याविषयी या खेपेस लिहीन असे वचन मी वाचकांस दिले होते. ते मोडावे लागत आहे, याबद्दल क्षमा असावी. मध्यंतरी आमच्याच घरी एक वाद उपस्थित झाला. वाद व्याकरणाचा नव्हता, खेळाचा होता; परंतु तो मिटविताना एका क्रियाविशेषणाचा अर्थ लावण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि तीस वर्षांपूर्वीची माझीच एक चूक मला नव्याने दिसली. तेव्हा समास पुढच्या महिन्यात, आज हे.

आमचे चि. श्रीधर, म्हणजे थोरल्या चिरंजीवांचे चिरंजीव, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि रग्बी नावाचा खेळ खेळतात. चांगले क्रिकेट सोडून हे काय धरलेस, असे त्यांच्या आजीने एकदा विचारून पाहिले. उपयोग झाला नाही. दोन रविवारांपूर्वी दिवेलागणीला स्वारी घरी आली ती कोपर सुजवून, आणि कोपराहून चेहरा अधिक सुजवून. सूनबाईंनी हळदीचा लेप लावला. पानावर बसविले, तर दोन घास खाऊन उठले. रात्री ओसरीवर मी आणि आमचे धाकटे बंधू अण्णा (वकिली सोडून त्यांस चार वर्षे झाली, पण वकिलीने त्यांस सोडलेले नाही) सुपारी कातरीत बसलो होतो, तेथे श्रीधर येऊन म्हणाला, “आजोबा, आज पंचाने आम्हांला लुबाडले.”

पुढील हकीकत समजण्यास खेळाचे चार शब्द ठाऊक पाहिजेत. रग्बीत लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात. सोबत्याकडे तो मागे किंवा बाजूला फेकता येतो, पुढे फेकता येत नाही. ज्याच्या हाती चेंडू असेल त्याला मिठी घालून पाडता येते. यास टॅकल म्हणतात. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन तो जमिनीस टेकविला की ‘ट्राय’ झाली. तिचे पाच गुण. त्यानंतर चेंडू जेथे टेकला असेल त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन, दोन उंच खांबांमधून आडव्या दांडीवरून तो लाथेने मारावयाचा. साधला तर आणखी दोन गुण. यास कन्व्हर्शन म्हणतात. अर्थात खांबांच्या मध्ये ट्राय केली तर ही लाथ समोरासमोर व सोपी. कोपऱ्यात केली तर तिरपी व कठीण. ट्राय या शब्दाचा अर्थच ‘प्रयत्न’. प्रारंभीच्या काळी तिला स्वतःचे गुणच नसत. ती केली की खांबांतून चेंडू मारण्याचा प्रयत्न करण्याचा अधिकार तेवढा मिळे. पुढे तिला मोल आले. १९७१ पर्यंत तीन गुण, मग चार, आणि १९९२ पासून पाच.

श्रीधरचा सामना सात-सात गड्यांचा होता. सात मिनिटांचा एक डाव, असे दोन डाव. शेवटचे अर्धे मिनिट उरले असता श्रीधरचा संघ १२–७ असा पुढे होता. प्रतिपक्षाने चेंडू गोलरेषेजवळ आणला. त्यांचा एक मुलगा डावीकडे अगदी कडेच्या रेषेलगत मोकळा सापडला. त्याच्या पुढे दहा-बारा पावले निव्वळ गवत. त्याच्याकडे चेंडू फेकला गेला, आणि मध्ये उभ्या असलेल्या श्रीधरने एक हात लांबवून चेंडूला चापट मारली. चेंडू मैदानाबाहेर गेला. पंचाने शिटी वाजविली, खांबांच्या मध्ये जाऊन हात वर केला, आणि प्रतिपक्षास ‘पेनल्टी ट्राय’ बहाल केली. तिचे सात गुण. वर श्रीधरला पिवळे कार्ड. सामना १४–१२ असा संपला.

श्रीधरच्या तक्रारी तीन. पहिली : “मी कोणाला मारले नाही, पाडले नाही; चेंडूला हात लावला. हा गुन्हा कसला?” दुसरी : “चापट मारली नसती तर मी त्याला टॅकल केलेच असते. ट्राय होणारच होती हे पंचाने कशावरून ठरविले?” तिसरी : “आणि झालीच असती तर ती कोपऱ्यात. पाच गुण. बरोबरी. कोपऱ्यातून ती लाथ त्यांच्याच्याने साधली नसती. मग हे वरचे दोन गुण पंचाने कोणाच्या खिशातून काढले?” शेवटी उठताना तो आणखी एक वाक्य बोलला, ते मला झोंबले. “दोन मिनिटे बाहेर बसायची शिक्षा आहे ना? मग पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन.”

आम्हांला पाठशाळेत शास्त्रीबुवांनी एक शिस्त लावली होती : आधी पाठ, मग पदच्छेद, मग अन्वय, मग अर्थ, आणि भांडण सर्वांच्या शेवटी. दुसऱ्या दिवशी मी श्रीधरला म्हटले, “तुझा ग्रंथ आण.” ग्रंथ त्याच्या भ्रमणध्वनीतच होता. नवव्या प्रकरणात दुर्वर्तन, म्हणजे फाउल प्ले, आणि आठव्यात गुणदान. ती दोन प्रकरणे त्याने शब्दशः वाचावी आणि मी मध्येच थांबवून विचारावे, असा क्रम ठरला.

पहिली तक्रार एका बैठकीत निकालात निघाली. दुर्वर्तन म्हणजे मारामारी, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ग्रंथाचे म्हणणे तसे नाही. तेथे वाट अडविणे, अन्याय्य खेळ, पुन्हा पुन्हा केलेले नियमभंग, धोकादायक खेळ आणि गैरवर्तणूक अशी निरनिराळी कुळे सांगितली आहेत, आणि ‘अन्याय्य खेळ’ या कुळात कोणताही नियम जाणूनबुजून मोडणे व हाताने चेंडू मुद्दाम खेळाबाहेर घालविणे ही दोन्ही येतात. तेव्हा अंगाला धक्का न लावताही दुर्वर्तन घडते. मुख्य प्रश्न हेतूचा. चेंडू झेलण्याचा खरा प्रयत्न असेल, तो हाती येण्याची वाजवी आशा असेल, आणि तरीही तो निसटून पुढे गेला, तर ते मुद्दाम केले असे धरीत नाहीत.

“मी झेलायलाच गेलो होतो,” श्रीधर म्हणाला.

“तुझा तळहात कोणत्या दिशेला होता?” मी विचारले.

त्याने उत्तर दिले नाही. अण्णा काही बोलणार होते. मी त्यांस खुणेने थांबविले. साक्षीदार खरे बोलण्याच्या बेतात असला म्हणजे त्याला घाई करू नये, हे वकिलांपेक्षा मास्तरांस अधिक ठाऊक असते.

दुसऱ्या तक्रारीला दोन दिवस लागले, कारण सर्व काही एका शब्दावर येऊन ठेपले होते. नियमाचा आशय असा : प्रतिपक्षाच्या दुर्वर्तनामुळे बहुधा झाली असती अशी ट्राय हुकली, किंवा अधिक सोयीच्या जागी झाली असती ती तशी होऊ शकली नाही, तर खांबांच्या मध्ये पेनल्टी ट्राय द्यावी. ‘शक्य होती’ असे म्हटलेले नाही. ‘निश्चित होती’ असेही नाही. ‘बहुधा’.

शक्य हा शब्द फार उदार आहे. शेवटची शिटी होईपर्यंत मैदानावर काहीही शक्य असते. त्या मापाने प्रत्येक दुर्वर्तनास पेनल्टी ट्राय द्यावी लागेल. उलट निश्चित हा शब्द फार कृपण. हातात चेंडू घेऊन एकटा धावणारा मुलगा स्वतःच्या पायात पाय अडकून पडू शकतो. मग निश्चित असे काय राहिले? त्या मापाने पेनल्टी ट्राय कधीच देता येणार नाही, आणि दुर्वर्तन करणारा प्रत्येक जण त्या एक शतांश शंकेच्या आड लपेल. ‘बहुधा’ या दोहोंच्या मध्ये उभा आहे, पण अगदी मध्यावर नव्हे. तो निश्चिताच्या बाजूला कललेला आहे. पंचाने डोळ्यांसमोरची स्थिती पाहावी, आणि ‘दुर्वर्तन झाले नसते तर ट्राय होणे हे न होण्याहून अधिक संभवनीय होते काय?’ एवढेच स्वतःस विचारावे.

“पण मी टॅकल केला असता ना!” श्रीधरचे पालुपद चालूच होते.

न्यायशास्त्रात कार्यकारणभाव तपासण्याची अन्वय-व्यतिरेक अशी जोडी सांगितली आहे : एक असता दुसरे असते, एक नसता दुसरे नसते. पंच वापरतात तो व्यतिरेक. ज्याने दुर्वर्तन केले त्याला मनातल्या मनात मैदानावरून उचलून बाजूस ठेवावयाचे. बाकीचे सर्व गडी जेथल्या तेथे. मग पाहावयाचे, ट्राय झाली असती का? उरलेल्यांपैकी एखादा रक्षक धावणाऱ्यास गाठण्याजोगा असेल, तर पेनल्टी ट्राय नाही. साधी पेनल्टी आणि फार तर कार्ड. पण जो दोषी आहे त्याने ‘मी दुसऱ्या, सरळ मार्गाने अडविले असते’ असे म्हणून हिशेबात पुन्हा शिरावयाचे नाही.

“हा अन्याय नव्हे काय?” असे श्रीधरने विचारले, तेव्हा उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या आजीने दिले. “लहानपणी तू डब्यातले लाडू न विचारता खाल्लेस, आणि वर म्हणालास, ‘विचारले असते तर दिलेच असतेस ना?’ दिले असते. पण तू विचारले नाहीस.” सरळ मार्ग मोकळा असता ज्याने तो टाकला, त्यास मागाहून त्या मार्गाचे पुण्य मागता येत नाही. माझ्या सर्व व्यतिरेकाहून हे उत्तर अधिक सुबोध होते, हे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी श्रीधरने मला एका मोठ्या सामन्याची चित्रे दाखविली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर आयर्लंड व न्यूझीलंड यांची गाठ पडली होती. या एकाच सामन्यात आमच्या वादाची तिन्ही उदाहरणे ओळीने मांडून ठेवल्यासारखी सापडतात.

पूर्वार्धाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथने आयर्लंडचा एक पास हाताने मुद्दाम पाडला. अगदी श्रीधरचेच कृत्य. पंच वेन बार्न्स यांनी त्यास पिवळे कार्ड दाखवून दहा मिनिटे बाहेर बसविले, पण पेनल्टी ट्राय दिली नाही. दुर्वर्तन सिद्ध झाले; ‘बहुधा’ सिद्ध झाले नाही. (ट्राय आयर्लंडने थोड्याच वेळात स्वतःच्या बळावर केली, ही गोष्ट वेगळी.) उत्तरार्धात, चौसष्टाव्या मिनिटाच्या सुमारास, आयरिश गड्यांचा जमाव एकमेकांस बिलगून, चेंडू पोटाशी धरून, गोलरेषेकडे पुढे सरकत होता. या बिलगलेल्या जमावास मॉल म्हणतात, आणि तो मुद्दाम खाली पाडणे निषिद्ध आहे, कारण खालच्याच्या मानेवर सर्वांचा भार येतो. न्यूझीलंडच्या कोडी टेलरने तो पाडला. पंचांनी पेनल्टी ट्राय दिली व टेलरला बाहेर घालविले. २५–१७ चे २५–२४ झाले.

आणि तिसरा प्रसंग त्यानंतर सुमारे आठ मिनिटांनी घडला. आयर्लंडचा रोनन केलेहर चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडून पडला देखील. परंतु न्यूझीलंडचा जॉर्डी बॅरेट चेंडू आणि जमीन यांच्या मध्ये आपले अंग घालून खाली निजला. चेंडू भूमीस लागलाच नाही. ट्राय नाही. यातही ‘बहुधा’ झालेली ट्राय हुकली; पण हुकविणाऱ्याने एकही नियम मोडला नव्हता, म्हणून आयर्लंडला काही मिळाले नाही. न्यूझीलंडने सामना २८–२४ असा जिंकला.

“पाहिलेस?” मी म्हटले. “अडविणे हे पाप नव्हे. बॅरेटने अडविले ते टाळ्यांस पात्र झाले. तुला टॅकल साधला असता तर तुझ्याही वाट्याला तेच आले असते.”

आता तिसरी तक्रार, त्या दोन गुणांची. येथे श्रीधरची बाजू मला प्रथम खरोखर बळकट वाटली होती. पूर्वी पेनल्टी ट्रायचे पाच गुणच मिळत आणि वर खांबांसमोरून लाथ मारावी लागे. २०१७ पासून ती लाथही काढून टाकली व सरसकट सात गुण ठरविले. ट्राय कोपऱ्यात होणार असली तरी सात. हे नुकसानभरपाईपेक्षा अधिक झाले नाही काय?

अण्णांनी येथे एक जुना इंग्रजी खटला सांगितला, तो १७२२ सालचा. धुराडी साफ करणाऱ्या एका पोरास रत्नजडित दागिना सापडला. त्याने तो किंमत करण्यासाठी सोनाराकडे दिला. तेथे त्यातील खडे काढून घेऊन रिकामे कोंदण पोराच्या हाती ठेवण्यात आले. खटल्यात प्रश्न आला, खड्यांची किंमत किती धरावी? खडे तर कोणी पाहिलेले नाहीत. न्यायाधीशांनी पंचमंडळास सांगितले, सोनार खडे हजर करीत नसेल तर त्या कोंदणात बसू शकतील असे सर्वोत्तम खडे होते असे समजा, आणि त्या भावाने भरपाई द्या. ज्याने पुरावा नाहीसा केला, संशयाचा फायदा त्यास मिळावयाचा नाही. आमच्या याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही हेच बीज आहे : अनेक वस्तूंचे देणे साफ नाकारणाऱ्यावर त्यांपैकी एकही सिद्ध झाली, तर राजाने सर्व देणे त्याच्याकडून देववावे.

तो मुलगा कोपऱ्यातच चेंडू टेकविता, की समोर कोणी नाही असे पाहून खांबांकडे वळता? कोपऱ्यातून त्यांची लाथ साधती की चुकती? या प्रश्नांची उत्तरे आता कोणाजवळही नाहीत, आणि ती नाहीत याचे कारण श्रीधरची एक चापट. चुकीचा धोका कोणावर तरी पडणारच. नियमाने तो दोषी बाजूवर टाकला आहे. वरचे दोन गुण पंचाने कोणाच्या खिशातून काढले, याचे उत्तर हे.

याच तत्त्वाच्या आणखी दोन बाजू थोडक्यात सांगतो. चेंडू टेकल्यावर रागाने कोणी ट्राय करणाऱ्याच्या अंगावर उडी घातली, तर पेनल्टी ट्राय होत नाही, कारण हुकले असे काही नाहीच. ट्राय कायम राहते, कन्व्हर्शनची लाथ होते, आणि दुर्वर्तनाची पेनल्टी मैदानाच्या मध्यरेषेवर मिळते. आणि आक्रमकाच्याच सोबत्याने रक्षकास धरून ठेवून वाट मोकळी करून दिली असेल, तर रेषेपलीकडे चेंडू कितीही सुंदर टेकविला तरी ट्राय मिळत नाही. म्हणजे आपल्या दुर्वर्तनाचे फळ कोणत्याही पक्षाने खाऊ नये.

हा वाद या खेळात फार जुना आहे, आणि त्याच्याशी आपल्या देशातील चांदीचा संबंध आहे. कलकत्त्यास इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता. तो मोडला तेव्हा शिल्लक असलेले २७० चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक चषक घडविला. त्याला तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. तो विलायतेस पाठविला, आणि १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्या ‘कलकत्ता चषका’साठी खेळत आले आहेत. १ मार्च १८८४ रोजी ब्लॅकहीथ येथे या दोहोंच्या सामन्यात एका स्कॉटिश गड्याने चेंडू हाताने मागे मारला. तो इंग्लंडच्या हाती लागून त्यांनी ट्राय केली. स्कॉटलंडचे म्हणणे असे की, हाताने चेंडू मारणे नियमबाह्य आहे, सबब खेळ तेथेच थांबावयास हवा होता आणि ट्राय रद्द व्हावी. इंग्लंड म्हणाले, आमच्या नियमांत हे निषिद्ध नाही. आणि असेल तरी अपराध तुमचा. तुमच्याच अपराधाचा लाभ तुम्हांला कसा मिळावा?

केवढा विलक्षण युक्तिवाद! आपणच नियम मोडावा आणि त्याच कारणाने प्रतिपक्षाची ट्राय रद्द करून मागावी. मैदानावर पुष्कळ वेळ वाद झाला. इंग्लंडचा विजय ठरला, पण कटुता इतकी वाढली की १८८५ मध्ये हे दोन देश खेळलेच नाहीत. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांनी नियम ठरविण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापिले. इंग्लंड त्यात १८९० मध्ये आले. आज जगभर रग्बीचे नियम करणारी जी संस्था आहे तिचा उगम एका ट्रायवरच्या या भांडणात आहे.

येथवर सांगून मी थांबणार होतो. बुद्धिवादात श्रीधर निरुत्तर झाला होता, आणि अण्णा विजयी मुद्रेने सुपारी चघळीत होते. परंतु मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवली होती, ती न सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले.

मी एका तालुक्याच्या गावी शिक्षक असताना वार्षिक क्रीडामहोत्सवात धावण्याच्या शर्यतींचा पंच असे. एका वर्षी चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर पुढे असलेल्या मुलाची गंजी मागच्याने धरून ओढली. पुढचा कोसळला. ओढणारा पहिला आला, त्याच्या मागचा दुसरा. पडलेला उठला, गुडघा पुसला, आणि सर्वांच्या शेवटी रेषा ओलांडून आला. मी ओढणाऱ्यास तत्काळ बाद केले, त्याच्या मागच्यास पहिला ठरविले, आणि कर्तव्य चोख बजावले असे मानून वहीत सही केली. तो पडलेला मुलगा माझ्या टेबलाशी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, त्याला बाद केलेत ते बरोबर झाले. पण माझे काय?”

मी त्यास सांगितले, “जे घडले त्याचा निकाल देता येतो, जे घडले असते त्याचा देता येत नाही.” हे वाक्य त्या वेळी मला फार समतोल वाटले होते. मुलगा मान हलवून गेला. पुढच्या वर्षी त्याने शर्यतीत नाव घातले नाही.

श्रीधरच्या ग्रंथाने मला शिकविले ते हे की, जे घडले असते त्याचाही निकाल देता येतो. इतकेच नव्हे, तर केव्हा केव्हा तो द्यावाच लागतो. दंड आणि भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पिवळे कार्ड हा दंड. त्याचा संबंध अपराध्याशी. सात गुण ही भरपाई. तिचा संबंध ज्याचे गेले त्याच्याशी. स्मृतिकारांनी राजास नुसते चोराला शासन कर म्हणून सोडलेले नाही. चोरीस गेलेले द्रव्य ज्याचे त्यास मिळवून दे, असे बजावले आहे. मी ते श्लोक वर्गात शिकविले होते. वळणावर पडलेल्या मुलासाठी मला ते आठवले नाहीत.

अण्णांनी वकिली शंका काढली : “दादा, तुम्ही त्याला पहिला ठरविले असते तर त्या निरपराध मुलाचे बक्षीस गेले असते.” शंका योग्य आहे. रग्बीत दोनच पक्ष. एकाचे काढून दुसऱ्यास देणे सोपे. शर्यतीत तिसरा असतो. परंतु शर्यत पुन्हा घेता आली असती. ती मी का घेतली नाही? कारण ऊन उतरले होते, आणि बक्षीससमारंभाचे पाहुणे येऊन बसले होते.

श्रीधर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो मुलगा पुढे कोठे गेला?” मी म्हटले, “ठाऊक नाही.”

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “आजोबा, पेनल्टी ट्राय कोणाच्याही नावावर मांडीत नाहीत. ती संघाच्या खात्यात जाते. तो डावीकडचा मुलगा... त्याचा हा पहिलाच सामना होता असे नंतर कळले. त्याच्या नावावर ट्राय लागली नाही.”

हे मला ठाऊक नव्हते, आणि ग्रंथाविषयीच्या माझ्या आदरास त्याने एक मर्यादा घातली. नियम संघाचे गुण परत देऊ शकतो. चेंडू छातीशी धरून ती शेवटची दहा पावले धावण्याचा आनंद कोणताही पंच कोणास परत देऊ शकत नाही. म्हणून दंड कितीही हलका असला तरी ‘पुन्हा हेच करीन’ हा हिशेब बरोबर ठरत नाही. त्यात एक रक्कम मांडावयाची राहून जाते. हे मी श्रीधरला सांगितले नाही. सांगण्याची जरुरी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तो फोनवर कोणाशी तरी बोलत होता. “मीच तो, चापट मारणारा,” एवढे माझ्या कानी पडले. पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही. पण आत येऊन त्याने आजीकडे न्याहारी मागितली, आणि ती पोटभर खाल्ली.

असो. कर्मधारय आणि बहुव्रीहि पुढच्या महिन्यात निश्चित, बहुधा नव्हे.